तबकडी जिथे विरते

आल्या आल्या तिनं बूट काढले.
म्हणाली, "पोरांनो, पट्टी एक घर उतरवा.
नाही, दोन.
मला लाज नाही वाटत, तुम्हीही लाजू नका."

डेटनमधला कामगारांचा जुना हॉल,
बाहेर मार्चचा काळा पडलेला बर्फ,
कोपऱ्यात हीटर खोकतोय.
ओझेला प्रुइट. चौऱ्याहत्तर.
एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली,
आणि त्याच्या आधी, एका दुपारी,
दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांचं
एक गाणं.

ते आम्ही घोटून घोटून पाठ केलं होतं:
ड्रमवर जमॅरिस, ऑर्गनवर सिओना,
ट्रम्पेट एल्गिनचा, बेस माझा.
दुसऱ्या कडव्यानंतर ट्रम्पेट अर्धी मात्रा उशिरा येतो,
तो उशीरसुद्धा.
तालमीत तिनं हात वर केला. "हे काय?"
"रेकॉर्डवर असंच आहे," एल्गिन म्हणाला,
परीक्षेत उत्तर द्यावं तसा.

ती हसली. हसता हसता खुर्चीचा हात धरला.
"अरे, क्लिओटिसला शिंक आली होती तिथे!
पंचावन्न वर्षं
तुम्ही त्याची शिंक पुजताय?"
मग जरा वेळ बुटांकडे बघत राहिली.
"राहू दे," म्हणाली.
"आता तो कुठला शिंकायला."

संध्याकाळी हॉल भरला.
पिकल्या केसांचा एक गृहस्थ मागून ओरडला,
"बस नंबर चौदा!"
आणि तिनं माइकमधूनच दटावलं,
"खाली बस, लेरॉय."

वरच्या सुराकडे निघाली,
जिना अर्धा चढून कुणी दम खायला थांबावं
तशी थांबली,
आणि तिथूनच ती ओळ बोलली. नुसती बोलली.
मला वाटलं, चुकलं.
मग पहिल्या रांगेतल्या बाईनं
चष्मा काढून मांडीवर ठेवलेला दिसला.

दोन मिनिटं एक्केचाळीस.
इथे तबकडीवर सगळं बारीक बारीक होत विरतं.
आम्हाला पुढचं ठाऊक नव्हतं.
जमॅरिसनं हात हलका केला,
आम्हीही उतरू लागलो तबकडीसारखे, शहाण्यासारखे.

तिनं मागे वळून पाहिलं नाही.
पण बसच्या आरशातून
मागचं बाक दिसतं ना, तसं तिला दिसलं.
"बटण त्यांनी फिरवलं होतं," ती म्हणाली,
कुणाला म्हणाली कोण जाणे,
"मी कुठे थांबले होते?"

आणि निघाली.
पुढचं कुठेच लिहिलेलं नव्हतं.
मी तिच्या अनवाणी टाचेकडे बघून वाजवत होतो,
टाच फळीवर पडेल तिथे सम.
कधी ती टाच हवेतच ठेवायची,
सगळा हॉल तिच्याखाली टांगलेला.
एकदा एल्गिन खरोखरच उशिरा आला,
न घोटलेला उशीर,
तर तिनं गाता गाताच म्हटलं, "गॉड ब्लेस यू."

अकरा मिनिटं, असं सिओना म्हणते.
जमॅरिस वीस म्हणतो.
शेवट कसा झाला, हे आम्ही चौघं
अजून चार तऱ्हांनी सांगतो.

नंतर तिला वाकता येईना.
मी खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या.
घोटे सुजले होते, गरम होते.
"फार आवळू नकोस," ती म्हणाली,
किल्ल्या शोधत,
"घरी गाडी मलाच न्यायचीय."