अर्थिंग

बंद पडलेल्या जिनिंगच्या मागं आमचं कॉलेज.
दारव्ह्याची एसटी फाट्यावर सोडते,
पुढं दीड किलोमीटर पायी.
पहिल्या तासाला खिडकीतून सरकीचा जुना वास येतो
आणि बकऱ्या वऱ्हांड्यापर्यंत.

मी ताशी तत्त्वावर. विषय, कम्युनिकेशन स्किल्स.
पुस्तकातल्या पहिल्या धड्यात
कुणी मिस्टर ब्राऊन विमानतळावर बॅग शोधतात.
समोर साठ पोरंपोरी.
रिपीट म्हटलं की साठ तोंडं हलायची,
प्रश्न विचारला की पंख्याचा आवाज मोठा व्हायचा.

एकदा मेकॅनिकलच्या शुद्धोधन तायडेनं
खिशातून एक चकती काढून टेबलावर ठेवली.
‘मॅडम, याले आमी वायसर म्हनतो.
पुस्तकात वॉशर हाय.
हे का धुते?’

एम.ए. इंग्लिश, अमरावती विद्यापीठ, फर्स्ट क्लास.
मला उत्तर आलं नाही.
मिस्टर ब्राऊनना त्या दिवशी
विमानतळावरच सोडून दिलं.

मग मी फळ्यावर टॉलरन्स लिहिलं,
पुढं लिहिलं, सहिष्णुता.
तायडे उठून आला, सहिष्णुता पुसली, शाफ्ट काढला:
पंचवीस एमएम, प्लस-मायनस पॉइंट झीरो टू.
‘चूक किती चालते
थे आधीच लिहून ठेवाचं, मॅडम. मंगच फिरते.’
तेव्हापासून त्यांच्या वह्यांच्या कोपऱ्यात
मी लिहून ठेवते: प्लस-मायनस तीन आर्टिकल.
लाल पेन आता महिनाभर पुरतो.

कम्प्युटरवाले मागच्या बाकावर.
त्यांना वाटतं, आपल्याला येतं.
त्यांचं नंतर बघू.

मारोती पेंदोर, सिव्हिल.
प्रॅक्टिकलचा रिपोर्ट पॅसिव्हमध्ये लिहायचा, मी सांगितलं,
द सँड वॉज सिव्ह्ड, द स्लॅब वॉज कास्ट.
त्यानं लिहून घेतलं. पेन खाली ठेवलं.
‘कोनं टाकला थे नाई लिहा लागत?’
नाही, म्हटलं, तसा नियम आहे.
तो खिडकीतून लायब्ररीच्या इमारतीकडं पाहत राहिला.
‘थो स्लॅब माह्या बापानं टाकला.
सेंट्रिंगवरून पडला होता, हात अजून वाकडा हाय.’
वर्ग गप्प.
मी म्हटलं, शेवटी बाय लावता येतं.
रिपोर्टात त्यानं लावलं, बाय माय फादर.
बाहेरच्या परीक्षकानं त्यावर काट मारली.
मी पेन्सिलनं बाजूला बरोबरची खूण केली.
इतकीच माझी ताकद, ताशी तत्त्वावरची.

आणि पूनम राठोड, इलेक्ट्रिकल.
तांड्यावरून सायकलनं येते.
बाप मोटरी वाइंडिंग करतो.
सहा महिन्यांत तिचा आवाज मी ऐकला तो
‘प्रेझेंट मॅम’ एवढाच.
एप्रिलमध्ये सेमिनार, विषय ज्याचा त्यानं निवडायचा.
तिनं कागद आणला नव्हता.
फळ्यावर एक खड्डा काढला. बोलायला लागली.
फर्स्ट वी डिग. सिक्स फीट.
देन प्लेट. देन सॉल्ट. देन…
अडकली. ओठ हलले नुसते.
‘कोळसा,’ म्हणाली हळूच, जशी चोरी कबूल करावी.
‘चारकोल!’ तायडे ओरडला.
‘चारकोल,’ पूनम म्हणाली,
‘देन सॉल्ट, देन चारकोल, देन सॉल्ट.
माय फादर टेल मी,
इफ अर्थ इज ड्राय, मशीन बॉडी गिव्ह शॉक.’

टेल्सचा एस गेला, गिव्ह्जचा गेला.
प्लस-मायनसमध्ये बसतं.

मी सवयीनं वर्गाकडं वळले,
वर्षानुवर्षं विचारत आले तसं विचारलं,
‘काय रे, अर्थ लागला?’

वर्ग काही बोलण्याआधी पूनमच म्हणाली,
खडू हातात, फळ्यावरच्या खड्ड्याकडं बघत,
‘लागला, मॅडम.
पन उन्हाळ्यात त्याले
रोज एक बकेट पानी टाका लागते.’