एक कट्टा चिमटे

पाणी चौथ्या दिवशी येतं.
त्या दिवशी अख्खं विडी घरकुल एकदम धुतं,
आणि दहाच्या आत गल्लीवर आभाळ उरत नाही,
नुसते परकर, टॉवेल, शाळेचे शर्ट.

माझे चिमटे तेलाच्या रिकाम्या डब्यात असायचे.
डबा गच्चीवर तापायचा,
प्लॅस्टिक असं कडकायचं
की दाबायला जावं, एकाचे दोन.
एप्रिलात तर डब्यालाच हात लावता येईना.
म्हटलं, पिशवी शिवावी.

कापड अंबादासनं दिलं,
यंत्रमागावरच्या चादरीचा छाट तुकडा.
जकार्डाचा पत्ता चुकला होता,
म्हणून मोराला मान आहे, डोकं नाही.
"फेकूनच देऊ लालतो, अव्वा," म्हणाला.

छाट मला नवी नाही.
कारखान्यात माझ्या हजारातल्या तीस-चाळीस
मोजणारा बाजूला सारतो.
त्यांचं पुढं काय होतं, विचारायचं नसतं.

कात्री विडीचीच. पानाला सरावलेली,
चादर बघून तोंड वासून बसली.
अर्धी सुतं दातानं तोडली मी.

पिशवीचं तोंड केवढं ठेवायचं?
पानाला फर्मा असतो, पत्र्याचा,
ठेवला की कापलं, डोळे मिटून.
इथं कुठला फर्मा?
अंबादासची हरिणी समोर बसलेली,
सतराच्या पाढ्यात अडकलेली.
म्हटलं, आण गं हात.
तिनं पंजा ठेवला मोराच्या मानेवर,
मी खडूनं भोवती रेघ मारली.

कड दुमडायला बोटभर सोडायचं असतं
हे शिवून झाल्यावर आठवलं.

आत हँगर घातला,
यजमानांच्या सफारीबरोबर आला होता.
सफारी केव्हाच दिली कुणाला तरी.
तारेवर टांगलं तर
बिनबाह्यांचं झबलं, पोट सुटलेलं.
चिमटे मोजून भरले. पंचवीस. एक कट्टा.

चौथा दिवस.
ओलं लुगडं खांद्यावर, पाणी पाठीवरनं ओघळतंय,
हात घातला, तो अंगठ्याच्या बुंध्याशी अडला.
चाळीस वर्षं पानं वळून
सांधे भिजल्या हरभऱ्यासारखे फुगलेत.
वाकडा केला, तिरका केला.
पिशवी माझी, चिमटे माझे,
आणि माप शेजारच्या पोरीचं.

हरिणी पोट धरून हसली,
मग एकेक काढून देऊ लागली.
"हिरवा का निळा?"
"दे गं कुठलाही, वाळायचंच आहे."
"नाही, सांग."

असे दोन उन्हाळे.
शाळा असली की धुणं बादलीत बसून राही
तिची सुट्टी होईपर्यंत.
लोक म्हणाले, दोन टाके उसव की.
उसवते, म्हणत राहिले.

मग मालकानं माग किलोवर विकले.
अंबादास म्हणाला, भिवंडीला मेव्हणा आहे.
टेम्पो आला तो नेमका पाण्याचा दिवस,
गल्लीभर साबण, ड्रायव्हर शिव्या देतोय.
हरिणी धावत वर आली,
पिशवीत हात घातला,
आणि तो अडला.

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो.
"वाढला, अव्वा," म्हणाली,
काहीतरी फोडल्यासारखं तोंड करून.

टेम्पो गेल्यावर कात्री घेतली.
दोन्हीकडनं उसवलं,
मोराची मानही थोडी गेली त्यात.
आता हात सरळ जातो, सगळा, मनगटापर्यंत.

चोवीस निघाले.
एक हिरवा तिच्या दप्तराला असणार,
चेन तुटली होती त्याची.
चोवीसचा कट्टा कारखान्यात घेत नाहीत.
उद्या पाणी आहे.
लुगडी दोनच आहेत माझी, पुरतील.