पेन्सिलीने लिहिलेला तीन

वडूजच्या स्टँडमागे चिंच आहे,
तिच्यावर गायबगळ्यांची पासष्ट घरटी.
खाली उभं राहायचं तर डोक्यावर रिकामी गोणी,
तरी मुल्ला मॅडमच्या चष्म्यावर पांढरा शिंतोडा असतोच.
माझं काम शिडी धरायची
आणि हणमा वरून ओरडेल ते लिहायचं:
घरटं एकोणीस. पहिलं, सोमवार.
दुसरं, बुधवार.
तिसरं, शुक्रवार, जरा बारकं.
फिकट निळ्या कवचावर तो आकडा घालतो, इतक्या हलक्या हाताने
की जोर दिला तर आतल्या जिवावर उमटेल.

मॅडम सुईने थेंबभर बलक ओढून घेतात,
भोकावर डिंकाचा ठिपका.
बलक म्हणजे नुसतं पिवळं नव्हे, त्या सांगतात,
कांद्यासारखे वेढे असतात, रोजचा एक.
मादी शेजारणीशी भांडली त्या दिवसाचा वेढा वेगळा.
तिच्या रक्तातलं हार्मोन त्यात उतरतं
आणि पिल्लू ते पीत पीत घडतं,
मान किती ताठ,
चोच किती चपळ,
भूक किती मोठ्याने.

तिसऱ्यात?
कमी. यांच्यात पहिल्या दोघांना जास्त.
मॅडम कांद्याचा दर सांगावा तसं म्हणाल्या.

मी तिसरी.
थोरली सुरेखा, मधली वैजयंता, मग नकुसा.
पुढे साताऱ्याला झेडपीच्या हॉलमध्ये
आम्हा सगळ्या नकुसांना रांगेत बसवून नवी नावं दिली.
मला सायली हवं होतं, ते पुढच्या दोघींनी नेलं.
मला दीपश्री आलं, वर एक पेढा.
घरी पोचले तर आई चुलीपासून ओरडली,
नकुसा, दूध बघ, उतू चाललंय.

श्रावणात एकोणीसमधलं तिसरं
मोठ्या दोघांनी टोचून टोचून खाली पाडलं.
आई काठावर बसून पिसं साफ करत होती.
मी तारीख लिहिली.
हणमाने ते पिंपळाच्या पानात गुंडाळून नेलं, कुठे ते विचारलं नाही.

जेवताना मॅडम म्हणाल्या,
कुरवांचं उलट असतं,
शेवटच्या अंड्यात आई जास्त घालते,
उशिरा येणाऱ्याला निभावता यावं म्हणून.
म्हणजे तिला कळतं?
त्यांनी डब्याचं झाकण लावलं.
कळणं मोजता येत नाही गं.

रात्री आईला विचारलं,
माझ्या वेळी तुझ्या रक्तात काय होतं?
ती हसली. रक्तात काय असतंय, रक्तच.
मग लसूण सोलता सोलता आपणहून:
तुझ्या वेळंला लई खाल्लं मी. चोरून.
शेंगा, गूळ, भाजलेली ज्वारी,
सासूबाई टँकरच्या रांगेत गेल्या की कोठीत शिरायची.
पोरगा का पोरगी कुणाला ठावं?
पोटातलं मागत हुतं.

म्हसवडची गाडी सुटत असली
तर लोक मला हाक मारायला सांगतात,
माझा आवाज ड्रायव्हरपर्यंत जातो.

आज एकतीसमधून कवचाचा तुकडा पडला,
त्यावर अर्धा तीन.
हणमा वरून म्हणाला, हाय जित्तं, लिव्ह.
जिवंत, लिहिलं.
मग समासात, जिथे रकाना नाही तिथे,
लिहिलं: लई वरडतंय.