लंगडी

नर्सरीच्या कागदावर शेवटची ओळ होती:
मिहिका एका पायावर उभी राहत नाही.
बाकी सगळं येतं तिला. रंग, प्राणी, शंभरपर्यंत आकडे,
टॅबवरची जाहिरात कुठे दाबून घालवायची तेसुद्धा.

मी शारजात, रोलाच्या एका लॅबमध्ये रक्त काढते.
दिवसभर चाळिशीचे दंड बाही सारून समोर येतात,
सुई लागण्याआधीच मान फिरवतात.
नळ्यांवर नावं चिकटवते. साखर, साखर, चरबी, साखर.
हे नेमकं कधी सुरू झालं,
कुणी विचारत नाही. मीही विचारत नसे.

बाहेर ऑगस्ट.
संध्याकाळी सातलाही घसरगुंडी तव्यासारखी.
बाग दिसते अकराव्या मजल्यावरून,
हिरवी, इस्त्री केल्यासारखी, रिकामी.
कच्च्या पार्किंगमधली वाळू गाड्यांखाली निजलेली.

मग घराचंच दार उघडलं.
लिफ्टपासून कचऱ्याच्या दारापर्यंत बत्तीस फरश्या.
ओढणी कमरेला खोचली
आणि वीस वर्षांनी डावा पाय उचलला.

एक. दोन. तिसरीला भिंत धरली.
गुडघा काही बोलला, ते लेकीला सांगितलं नाही.
ती इतकी हसली की खालीच बसली.
मग उठली. मग पडली. मग पुन्हा.

पलीकडचं दार किलकिलं झालं. उम्म यझन.
आता तक्रार, म्हणून मी ओढणी सोडवू लागले.
तिने सपाता काढल्या, झगा मुठीत धरला,
"हज्ले!" म्हणाली, होम्सच्या कुठल्याशा गल्लीत पोचून,
आणि माझ्यापुढे चार फरश्या गेली.

चाळीस वर्षांनी कुठल्या शहरात
मिहिका बाही वर करील, कुणासमोर,
तिच्या नळीत काय निघेल, मला काय ठाऊक.
मला आजचं ठाऊक आहे:
एकोणीस दिवसांनी ती चार आकडे उभी राहिली.
शंभर येतात तिला. पण हे चार
पोटरीतून थरथरत वर आले होते.

तेवढ्यात लिफ्ट उघडली. वॉचमन शमसूल:
"मॅडम, दहाव्यावरून फोन आहे,
वर कोण उड्या मारतंय?"
उम्म यझनने छताकडे पाहिलं.
"कोण?" मी म्हटलं, धापा दाबत.

माझ्यामागे मिहिका, एका पायावर,
ओठांतल्या ओठांत:
पाच.
सहा.