माया

डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर पोट काढलं,
बी खुडलेल्या काजूच्या बोंडासारखं.
म्हणाले, एक असतो फुगा, सहा महिने आत, मग काढायचा.
दुसरा बायपास.
मला वाटलं, गावाबाहेरून नेलेला रस्ता:
गाड्या पळतात, पेठेतल्या दुकानांत माश्या.
तिसरी स्लीव्ह.
मी हसले. बाही!
एकतीस वर्षं डिचोलीत बाह्याच बसवतेय, डॉक्टर,
नीट कापा, मुंढ्यात ओढ नको.

ते हसले नाहीत.
शुगरचा रिपोर्ट पुढे सरकवला.

पहिले पंधरा दिवस पेजेची निवळ,
औषधाच्या टोपणानं मोजून.
अकरा वाजता आत सगळे जेवत, भाजल्या खाऱ्याचा वास,
मी टोपण घेऊन सोप्यावर.
जाऊ म्हणाली, तोंडाला कुलूप घातलं असतंस तर फुकटात झालं असतं.
ती वाईट नाही. तिला ठाऊक नाही
भूक तोंडात राहत नाही.
तिसऱ्या महिन्यात केस, मूठ मूठ.
चवथीला एका नेवरीचा पाव हिस्सा,
तोही खोबऱ्याचा चोथा होईतो चावत.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
फार्मसीवरच्या खोलीत आम्ही जमतो.
खुर्च्या बिनहातांच्या.
कुणीतरी विचार करून आणल्यात.
बेर्नादेत टीचर वजन विचारत नाही,
विचारते, ह्या महिन्यात कुणापाशी रडलात?
हलिमा गोळ्यांची डबी कानाशी वाजवते: घेतल्या?
बोलणं संपलं की माझी टेप निघते.
मी सगळ्यांचे कपडे आवळून देते.
कमरेत चार इंच, पुढल्या खेपेला अजून तीन.
जो तो म्हणतो, आतलं जादा कापून टाक, बाय,
परत जायचं नाही तिथं.
मी मान हलवते.

अनंत गावस, खाणीवर ट्रक चालवायचा,
चार शनिवार आला नाही.
फोन उचलेना.
बेर्नादेत दोनदा घरी जाऊन आली,
कुत्र्यानं ओळख दिली, त्यानं नाही.

काल दिवेलागणीला दुकानाच्या पायरीवर उभा,
पिशवीत तीच राखाडी पँट.
आत येईना. तिथूनच म्हणाला,
"चढलं परत. बटण लागत नाही.
दुसरं कापड जोडून होईल?"

मी पँट उलटी केली.
ब्लेडनं टाका टाका उसवत गेले.
दोन्ही अंगांनी दोन-दोन बोटं कापड
घडी मोडून बाहेर आलं,
उन्हानं न पाहिलेलं, शिवल्या दिवसाच्या रंगाचं.

"कापलं नव्हतंस?"

"जोडायचं कशाला रे. माया आहे आत."

तो पायरीवर बसला. बराच वेळ.
मी मशीनला तेल घातलं, गरज नसताना.

मग म्हटलं, शनिवारी घेऊन जा.
इथून नव्हे.
वरच्या खोलीतून.