अंगठा

वांगानुईत जानेवारीचा पश्चिमवारा
दुपारी दोनला उठतो, पाचला बसतो.
हे मला एकोणसत्तर वर्षं माहीत आहे.
तरी मी तीन वाजता पंप पाठीला लावला.

गुलाबांवर मावा होता, हिरवा, चिकट,
कळ्यांच्या मानेभोवती दाटून बसलेला.
बाटलीवर लिहिलं होतं : चोवीस तासांत खात्री.
झाली खात्री.
कुंपणाच्या अलीकडे आणि पलीकडेही.

पलीकडे नायरीची हंसझाडं.
झाडं कसली, कमरेएवढी रोपं,
पण फळ धरलं की हिरवं, फुगीर, केसाळ,
देठाची मान बाकदार,
पाण्यात सोडलं तर पोहेल असं.
तिच्या नातवाने, सेफोने,
बादलीत सोडून पाहिलेलीही आहेत.
त्या पानांवर मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या :
पिवळा पट्टा, काळा, पांढरा, पुन्हा पिवळा,
आणि प्रत्येकीला नाव.

सकाळी कुंपणावरून सेफोचं डोकं.
"डेस, या हिरवं का ओकतायत?"
मी म्हणालो, ऊन असेल.

ढगाळ होतं.

नायरी दुपारी आली.
मी भांडण तयार ठेवलं होतं :
माझी बाग, माझे गुलाब,
वारा काय माझ्या बापाचा आहे?
तिने ओट्यावर पाण्याचं वाडगं ठेवलं,
शेजारी तिचा जाड भिंगांचा चष्मा,
आणि म्हणाली, "चल. तुझा अंगठा हवाय.
माझा संधिवाताने गेला."

पस्तीस वर्षं पोस्टात शिक्के मारलेली बाई.
शिकवताना आवाज चढवत नाही.
"हा पिवळा, काळ्या पायांचा. हा मावा. चिरड.
थांब. आधी पान उलट.
ते खसखशीएवढं, उभ्या रेघांचं, दिसलं?
ते अंडं. त्याला वळसा घालून जा."

साबणाचं पाणी मारलं तर? मी विचारलं.
"साबण ओळख विचारतो का?"

एका रोपाला एक तास.
बुंध्याला व्हॅसलीनचं कडं,
म्हणजे माव्याची राखण करणाऱ्या मुंग्या
खालीच अडतात, मिशा हलवत,
बंद दारावरच्या पाहुण्यांसारख्या.
वरून ठिपक्यांचा लाल भुंगा उतरला.
त्याने एकामागून एक मावा फस्त केला,
मी मनात टाळ्या वाजवल्या,
आणि मग त्याने एक अंडंही खाल्लं.
"हा बघ तुझा दोस्त," मी म्हणालो.
नायरी म्हणाली, "त्यालाही पोट आहे."
आणि पुढचं पान उलटलं.

सुक्याबरोबर ओलं जळायचंच,
असं मी जन्मभर म्हणत आलो.
काडी कोणाच्या हातात होती
ते कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात सांगून टाकलं.
पान उलटता उलटताच, तिच्याकडे न बघता :
त्या दिवशी ऊन नव्हतं. ते माझं होतं.

"माहीत आहे," ती म्हणाली.
"मी चादरी वाळत घातल्या होत्या.
दोन धुण्यांनंतरही तुझ्या बाटलीचा वास जात नव्हता."
मग म्हणाली, "इथे राहिला एक. देठाच्या बेचक्यात."

यंदा माझ्या गुलाबांवर मावा आहे.
पाण्याच्या फवाऱ्याने झोडतो, काही पडतो,
काही परत चढतो.
क्लबच्या प्रदर्शनात तिसरा आलो.
पहिल्या आलेल्याचे गुलाब जवळून पाहिले :
एकाही पानाला भोक नाही.
मला ते थोडे आजारी वाटले.
हेवाही असेल.

अंगठ्याचा पिवळा डाग निघत नाही.
दुकानातली मुलगी सुटे पैसे देताना
रोज त्याच्याकडे बघते आणि विचारत नाही.

सेफोने एका अळीला माझं नाव दिलं होतं.
तिला गांधीलमाशीने नेली.
आता दुसरीला दिलंय.
ती जुन्या पडद्याच्या जाळीत आहे,
आणि फार खाते.