घंटेची दुरुस्ती

तळघरात, हेलियमच्या थंडीत,
तादेयाची सुई अणूंवरून फिरते
दृष्ट काढावी तशी,
जवळून, पण न शिवता.

दर पंधरा मिनिटांनी एक उसळी.
बारीक. हट्टी.
वरच्या मजल्यावर बोगोमिरनं
तिला समीकरण दिलं, नाव दिलं,
बारा पानांत बारसं उरकलं.

मग मार्चमध्ये, ल्युब्लियानात,
समोरच्या चर्चची घंटा दुरुस्तीला उतरवली
आणि आलेख सपाट.
तीन आठवडे सपाट.

बोगोमिर खाली आला. बराच वेळ
पडद्याकडे बघत राहिला. म्हणाला,
"गणित तर बरोबर होतं."
"होतंच की," तादेया म्हणाली,
आणि आपली कॉफी त्याच्याकडे सरकवली.

हवेतून, दगडातून, रबराच्या सहा थरांतून
घंटा येत होती खाली,
पोचेपर्यंत उरायची
अणूच्या शंभराव्या हिश्शाएवढी.
घंटा ओढणाऱ्या म्हाताऱ्या विन्कोला
कुणी सांगितलंच नाही
आपले हात कुठवर पोचतात.

घंटा परत चढली त्या सकाळी
तादेयानं सुई उचलली नाही.
वहीत लिहिलं:
सव्वानऊ. आली.